टपाचा हिशेब

जुन्या मोटारींची फेरी निघते तेव्हा बहुतेक गाड्यांचे टप मागे दुमडलेले असतात. समोर सरळ उभी काच, डोक्यावर मोकळे आभाळ, मागच्या बाकावर हॅट सांभाळत बसलेली मंडळी. हे पाहून एक समज सहज घट्ट होतो: त्या काळच्या माणसांना वाऱ्याची आणि वेगाची हौस होती म्हणून त्यांनी उघड्या गाड्या केल्या, आणि पुढची पिढी सुखाला सोकावली तेव्हा डोक्यावर पत्रा आला. मला हा समज मुळातच उलटा वाटतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत टप हा हौसेचा दागिना नव्हता. पोलाद, काच, लाकूड आणि रंग यांच्या त्या वेळच्या भावात सामान्य गिऱ्हाइकाला परवडेल असे ते एकमेव छप्पर होते. पक्के छप्पर जवळपास त्याच किमतीत मिळू लागताच गिऱ्हाइकाने कापडी टपाकडे पाठ फिरवली, आणि तीही अवघ्या सात-आठ वर्षांत. टप उघडून फिरण्याचा आनंद वेगळा विकायला निघाला तो त्यानंतर. हे नीट कळायचे तर टप काढण्याचे आणि पुन्हा बसवण्याचे काम कसे होते, तिथपासून सुरुवात करावी लागते.

साधारण १९१० च्या सुमाराची, चार-पाच माणसे बसतील अशी उघडी गाडी घ्या. तिच्या टपाचा सांगाडा म्हणजे वाफेवर वाकवलेल्या ॲश लाकडाच्या तीन-चार कमानी. प्रत्येक कमानीची दोन्ही टोके पोलादी खोबणीत बसवलेली आणि त्या खोबण्या गाडीच्या दोन्ही बाजूंना मागच्या बाकाजवळ बिजागरीसारख्या फिरणाऱ्या. कमानींमधले अंतर कायम राहावे म्हणून त्यांच्यावरून जाड सुती पट्टे ताणलेले, त्यांवर कापड, आणि कापड लाकडाला चुकांनी ठोकलेले. सगळ्यात पुढची कमान काचेच्या चौकटीला अडकवायची. त्याआधीच्या गाड्यांत तर टपाच्या पुढच्या टोकापासून चामड्याचे लांब पट्टे थेट गाडीच्या नाकापर्यंत नेऊन बकलांनी आवळत. टप उतरवायचा म्हणजे आधी बाजूचे पडदे एकेक टिचबटण सोडून काढायचे, घडी न पाडता बाकाखाली ठेवायचे, मग पुढचे पट्टे सोडायचे, दोन माणसांनी दोन बाजूंना उभे राहून कमानी एकावर एक मागे न्यायच्या आणि प्रत्येक कमानीमधून कापड बाहेर ओढून घ्यायचे. ते ओढले नाही तर दोन लाकडांत चिमटून पहिल्याच खडबडीत रस्त्यावर घासून फाटायचे. शेवटी सगळी गुंडाळी पट्ट्याने बांधून तिच्यावर कापडी खोळ चढवायची. पावसाची सर आली की हाच क्रम उलटा, आणि तोवर आतली माणसे भिजलेली. भिजलेला टप तसाच दुमडला तर कापड कुजते, रबर सुटते आणि बुरशीचा वास बैठकीत मुरतो. म्हणून पाऊस थांबल्यावरही तो वाळेपर्यंत उभाच ठेवायचा. बाजूच्या पडद्यांत पाहण्यासाठी आधी अभ्रकाचे आणि नंतर सेल्युलॉइडचे तुकडे शिवलेले असत. अभ्रकाचे पापुद्रे सुटत. सेल्युलॉइड उन्हाने पिवळे पडे, थंडीत तडकत असे, आणि ठिणगी पडली तर पेटतही असे.

एवढा खटाटोप कोणी आनंदासाठी पत्करला असेल असे मानणे कठीण आहे. कारखानदारांनाही ते माहीत होते. म्हणूनच एका माणसाने उभा करता येईल असा टप ही त्या काळात जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापण्याची गोष्ट होती. फोर्डच्या मॉडेल टीला तसा टप मिळाला तो १९२३ च्या गाड्यांत, म्हणजे ते मॉडेल बाजारात येऊन पंधरा वर्षे होत आली तेव्हा. मधल्या काळात लाखो कुटुंबांनी दोन माणसांच्या टपावर भागवले. टप उघडा ठेवण्यात सुख होते म्हणून नव्हे. बंद गाडी त्यांच्या आवाक्यात नव्हती म्हणून.

मोटारीने हा टप घोडागाडीकडून घेतला. लँडो, व्हिक्टोरिया, फेटन अशी उघड्या-मिटत्या छपराच्या गाड्यांची मोठी परंपरा युरोपात होती आणि मोटारीची सांगाड्यावरची पेटी बनवणारे कारागीर हे याच घोडागाड्या बनवणारे होते. दक्षिण आफ्रिकेतल्या दोनचाकी केप कार्टचा टप इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या मोटारींवर इतका रुळला की त्याचे नावही तसेच राहिले. मुंबईकराला हा वंश वेगळा समजावून सांगायला नको. इथल्या रस्त्यांवर व्हिक्टोरिया घोडागाड्या अगदी अलीकडेपर्यंत धावत होत्या आणि त्यांच्या टपाची घडी जुन्या टूरिंग मोटारीच्या घडीसारखीच पडत असे. पण दोन्हींत एक महत्त्वाचा फरक होता. घोडागाडीचा वेग बेताचा. मोटार तासाला चाळीस-पन्नास किलोमीटरने धावू लागली आणि टपावर वेगळाच ताण येऊ लागला. हवा पुढून आत शिरून कापड फुगवू लागली आणि गाडीच्या पाठीमागे जी पोकळी तयार होई तिच्यात रस्त्याची धूळ ओढली जाऊन उलट आत येऊ लागली. डांबरी रस्ते फार थोडे होते. लांब पांढरे डगले, गॉगल, बायकांच्या हॅटवरून हनुवटीखाली बांधलेल्या जाळ्या हा सगळा पोषाख धुळीपासून बचावासाठी आला. घोडागाडीच्या चामडी टपाची जागा कापडाने घेतली तीही याच काळात: दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर दाबून बसवायचा, ही चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये पेटंट घेतलेली रेनकोटची युक्ती. स्वस्त गाड्यांना रसायनाचा लेप दिलेले कापड. इंग्लंडमधल्या हाइड गावच्या कारखान्यातले असेच एक लेपाचे कापड गाड्यांच्या बैठकींत आणि अस्तरांत इतके पसरले की त्याचे व्यापारी नाव, रेक्झिन, आज मराठी घरांतल्या सोफ्यापर्यंत येऊन पोचले आहे.

मग बंद गाडी एवढी महाग का होती? वरवर पाहता चार खांब, थोडा पत्रा आणि सहा काचा एवढाच फरक दिसतो. पण त्या काळची पेटी ही मुळात सुतारकाम होती. ॲश लाकडाचा पिंजरा सांधे-खाचांनी जोडायचा आणि त्यावर पत्रा ठोकायचा. खाली पोलादी सांगाडा रस्त्याबरोबर पिळवटत असे आणि वरचा लाकडी पिंजरा त्याच्याबरोबर. उघड्या गाडीत हा पीळ कंबरेएवढ्या उंचीपर्यंतच भरायचा होता. छप्पर चढवले की उंच खांबांचे सांधे ढिले होऊन करकरू लागत, दारे चिकटत, काचा खडखडत. म्हणून बंद पेटीला लाकूड अधिक जाड, सांधे अधिक आणि कारागिराचे तास कितीतरी जास्त लागत. वजन वाढले म्हणून इंजिनही मोठे लागे. काच ही वेगळीच अडचण होती. चांगली सपाट काच ओतून, दोन्ही बाजूंनी घासून आणि घोटून करावी लागे, म्हणून महाग; आणि फुटली की तिचे सुऱ्यांसारखे तुकडे होत. दोन काचांमध्ये पातळ थर दाबून तुकडे न उडणारी काच फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्तुसने शोधली होती, पण ती सर्रास मोटारीत यायला विसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडावे लागले. रंगाचीही तीच कथा. जुनी वार्निशे थरावर थर देऊन वाळवायला आठवडे लागत, आणि तोवर त्या पेट्या कारखान्यात जागा अडवून उभ्या राहत. बंद पेटी मोठी, म्हणून जागाही जास्त. झटपट वाळणारा ड्युको रंग १९२४ च्या ओकलँड गाड्यांवर आला तेव्हा ही कोंडी फुटली.

याचा भक्कम पुरावा म्हणजे पोलादी पेट्यांचा क्रम. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बडने पूर्ण पोलादाच्या पेट्या दाबयंत्रावर काढून दाखवल्या आणि डॉज बंधूंनी १९१४ मध्ये त्यांची मोठी मागणी नोंदवली. त्या पेट्या उघड्या टूरिंग गाडीच्या होत्या. पोलादाने जे पहिले साधले ते उघड्या गाडीतच साधले. छपराची गाडी नंतर आली. युरोपात तर आणखी गमतीशीर वळण आले. चार्ल्स वेमन या विमानविद्येतून आलेल्या माणसाने लाकडी सांधे एकमेकांना टेकूच द्यायचे नाहीत, मध्ये धातूच्या पट्ट्या घालायच्या आणि वरून पत्र्याऐवजी लेपाचे कापडच ताणायचे, अशी बंद पेटी काढली. ती करकरत नसे आणि हलकीही होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंग्लंड आणि फ्रान्समध्ये ती खूप चालली. म्हणजे लोकांना छप्पर हवे होते आणि त्यासाठी सगळी गाडीच कापडाची करायची त्यांची तयारी होती.

आता किमती पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा भार त्यांच्यावर आहे. १९२५ मध्ये फोर्डच्या मॉडेल टीची उघडी टूरिंग गाडी २९० डॉलरला मिळत होती. त्याच सांगाड्यावरची दोन दारांची बंद गाडी ५८० डॉलरला, बरोबर दुप्पट, आणि चार दारांची ६६० डॉलरला. इंजिन तेच, चाके तीच. फरक होता तो छप्पर, काच आणि सुतारकाम यांचा. ज्या शेतकऱ्याने किंवा कारखान्यातल्या कामगाराने २९० डॉलर जमवले त्याला ‘तू वाऱ्याची आवड म्हणून उघडी गाडी घेतलीस’ असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. दुसरीकडे हडसन कंपनीचे प्रमुख रॉय चेपिन यांनी काय केले ते पाहा. त्यांनी एसेक्स नावाची एक साधी, चौकोनी, दोन दारांची बंद गाडी १९२१ मध्ये १,४९५ डॉलरला बाजारात आणली. ती त्याच कंपनीच्या उघड्या गाडीपेक्षा ३०० डॉलरने महाग होती. पुढच्या काही वर्षांत त्यांनी पेटी सोपी करत, संख्या वाढवत भाव उतरवत नेला आणि १९२५ मध्ये बंद एसेक्स ८९५ डॉलरला विकली, उघड्या एसेक्सपेक्षा पाच डॉलरने स्वस्त. पक्के छप्पर टपापेक्षा स्वस्त होणे ही त्याआधी कोणी कल्पिलेली गोष्ट नव्हती. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी आपल्या आठवणींत या घटनेला मोठे महत्त्व दिले आहे आणि त्यांनीच दिलेल्या आकड्यांवरून पुढचा बदल दिसतो. १९१९ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी सुमारे १० टक्के बंद होत्या. १९२४ मध्ये हे प्रमाण ४३ टक्के झाले, १९२६ मध्ये ७२ आणि १९२७ मध्ये ८५ टक्के. माणसांची आवडनिवड आठ वर्षांत अशी पालटत नाही. पालटला तो भाव, आणि दडून राहिलेली आवड त्या भावाबरोबर उघडी झाली. मॉडेल टी मागे पडण्याचे एक मोठे कारणही स्लोन यांनी हेच सांगितले आहे: तिचा हलका सांगाडा उघड्या पेटीसाठी आखलेला होता.

या ठिकाणी एक रास्त आक्षेप येतो. ज्यांना पैशाची ददात नव्हती त्यांनीही उघड्या गाड्या घेतल्याच. मग हौस नव्हती असे कसे म्हणता येईल? खरे आहे, घेतल्या. पण कशा घेतल्या ते पाहिले पाहिजे. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपातल्या श्रीमंत घरांत एकाच सांगाड्यासाठी दोन पेट्या करून घेण्याची रीत होती: उन्हाळ्यात उघडी, हिवाळ्यात बंद, आणि ऋतू पालटला की कारागिरांकडून एक उतरवून दुसरी चढवायची. अमेरिकेत ज्यांना दोन पेट्या जमत नव्हत्या ते आपल्या उघड्या गाडीवर लाकूड-काचेचे काढघाल करता येणारे हिवाळी छप्पर बसवून घेत. अशी छपरे बनवणारे स्वतंत्र कारखाने १९१५ नंतरच्या काही वर्षांत चांगले चालले. डेट्रॉइटच्या फिशर बंधूंना १९१० मध्ये कॅडिलॅककडून १५० बंद पेट्यांची मागणी मिळाली तेव्हा ती त्या काळात मोठी मानली गेली आणि तिच्या जोरावर त्यांनी फक्त बंद पेट्यांची वेगळी कंपनी काढली. कॅडिलॅक घेणारा माणूस गरीब नव्हता. वाऱ्याचा आनंद खोटा होता असे माझे म्हणणे नाही. तो आनंद ज्याच्याकडे दुसरी पेटी होती, किंवा निदान कोरडे घर आणि चालक होता, त्याचा होता. लँडोलेट गाडीत तर मालकाच्या डोक्यावरचा मागचा टप मालकाच्या इच्छेने उघडे-मिटे, आणि पुढे बसलेला चालक बारमाही उघड्यावर असे. त्याची हौस कोणी विचारली नव्हती.

टप ही वापराची गोष्ट होती, दाखवण्याची नव्हे, याची सगळ्यात बोलकी साक्ष शर्यतीच्या मैदानावरून मिळते. फ्रान्समधल्या ल मां येथे १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत सुरू झाली. तिचा हेतू रोजच्या प्रवासाच्या गाड्यांचा कस लागावा हा होता, म्हणून दिवे, मडगार्ड, बैठका यांचे नियम होते. त्यांत टपाचाही नियम आला. उघड्या गाडीने सुरुवातीच्या टप्प्यात टप उभारून ठराविक फेऱ्या पूर्ण केल्याच पाहिजेत, आणि तो तेवढे टिकला की नाही हे तपासले जाईल. टप कागदावर आहे पण वेगात फाटतो, अशी लबाडी कारखानदारांनी करू नये यासाठी हा नियम होता. १९२५ मध्ये चालकांनी रस्ता ओलांडून धावत जाऊन गाडीत बसण्याची जी प्रसिद्ध पद्धत सुरू झाली, तिच्यात पहिले काम इंजिन सुरू करणे हे नव्हते. आधी टप उभारायचा, पट्टे आवळायचे, मग निघायचे. त्या काळच्या कसलेल्या संघांनी त्याचा सराव केला होता. त्याच वर्षी बेंटलीच्या एका गाडीला टपाने घात केला. वीस फेऱ्यांपूर्वी इंधन भरायचे नाही असा नियम होता. सतरा किलोमीटरहून अधिक लांबीच्या त्या मार्गावर वीस फेऱ्या म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. बेंटलीच्या संघाने इंधनाचा हिशेब टप उतरवलेल्या गाडीवरून केला होता. उभ्या टपाने हवा अडवली, इंजिनाने जास्त पेट्रोल ओढले आणि गाडी वीस फेऱ्या पुऱ्या व्हायच्या आत कोरडी पडली. ज्या कंपनीने आदल्याच वर्षी ही शर्यत जिंकली होती तिलाही उभ्या टपाची खरी किंमत अजून कळलेली नव्हती. पुढे काही वर्षांत तो नियम गेला. तोवर बंद गाडी सामान्य झाली होती आणि टप टिकाऊ आहे की नाही हा प्रश्न सर्वसाधारण गिऱ्हाइकाचा राहिला नव्हता.

बंद गाडी आली म्हणजे कापड लगेच गेले, असेही झाले नाही. १९३० च्या आसपासच्या बहुतेक बंद गाड्यांचे छप्पर वरून पाहिले तर कडेला पत्रा आणि मधोमध काळे मेणकापड दिसते. कारण साधे होते: एवढे रुंद आणि खोलगट छप्पर एका तुकड्यात दाबता येईल असा पत्रा गिरणीतून निघत नव्हता. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ॲशलंड येथे जॉन टायटसने सलग पत्रा लाटणारी पोलाद गिरणी १९२३-२४ च्या सुमारास उभी केली, ती रीत इतरांनी रुंद पत्र्यापर्यंत नेली, आणि मग कुठे १९३५ मध्ये जनरल मोटर्सने संपूर्ण पोलादी छपराची गाडी मोठ्या संख्येने आणली. म्हणजे टपाचा शेवटचा अंश मोटारीवरून उतरवला तो गिरणीवाल्यांनी. रुचिपालटाच्या इतिहासात हे बसत नाही. पोलादाच्या इतिहासात चपखल बसते.

दुसरा आक्षेप हवामानाचा, आणि तो आपल्याकडे हमखास निघेल. हिंदुस्थानासारख्या उष्ण देशात उघडी गाडीच सोयीची, म्हणून इथे ती टिकली. टिकली हे खरे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला तेव्हा तिथून पहिली बाहेर पडलेली शेवरले टूरिंग होती, म्हणजे उघडी, कापडी टपाची. आणि ती अशा वेळी, जेव्हा अमेरिकेत उघडी गाडी जवळपास संपली होती. पण हवामान हे कारण तपासून पाहिले तर तग धरत नाही. ज्या मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये सुमारे दोन मीटर पाऊस कोसळतो तिथे टिचबटणांचे पडदे लावून झड अंगावर घेत जाणे कोणाला सोयीचे वाटेल? उरलेल्या आठ महिन्यांत दुपारचे ऊन थेट डोक्यावर. त्यासाठीही टप उभाच ठेवावा लागे. आणि उष्णता हेच कारण असते तर स्वातंत्र्यानंतर अँबेसेडर आणि फियाट या बंद पेट्यांनी देशभर राज्य कसे केले? हवामान तेच होते, वातानुकूलन नव्हते, आणि तरी डोक्यावर पत्रा आला. तो आला कारण एकदा साचे आणि दाबयंत्रे उभी राहिली की पत्र्याचे छप्पर हाताने शिवलेल्या टपापेक्षा महाग पडत नाही. जिथे ते गणित उलटे होते तिथे कापड राहिले. महिंद्रांनी मुंबईत जोडलेल्या जीपला कॅनव्हासचा टप होता. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत तालुक्याच्या साहेबापासून वडापवाल्यापर्यंत सगळ्यांनी तो वापरला, फाटला तेव्हा ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेतला. रिक्षाचे रेक्झिनचे हूडही त्याच हिशेबातले. तिथे कोणी वाऱ्याच्या हौसेची गोष्ट काढत नाही, कारण ती वाहने अजून आपल्या डोळ्यांसमोर पोटापाण्यासाठी धावताना दिसतात. १९२० च्या टूरिंग गाडीकडे पाहताना आपण हे विसरतो. संस्थानिकांच्या उघड्या गाड्या, शिकारीच्या आणि मिरवणुकीच्या, हा भाग वेगळा. राजाला दिसायचे असते. पण त्यांच्याच गाडीखान्यात जनान्यासाठी पडदे लावलेल्या बंद गाड्याही उभ्या होत्या.

तिसरा आक्षेप डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीचा आहे: आज उरलेल्या जुन्या गाड्यांत उघड्याच एवढ्या का दिसतात? याचे उत्तर थोडे खेदजनक आहे. बंद पेटीचे लाकूड छपरातून झिरपलेल्या पाण्याने आतल्या आत कुजते आणि दुरुस्तीचा खर्च उघड्या पेटीच्या कितीतरी पट येतो. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर, जेव्हा या गाड्यांना संग्राहकांची किंमत येऊ लागली, तेव्हा अनेक बंद पेट्या उतरवून फेकल्या गेल्या आणि त्या सांगाड्यांवर व्हॅन डेन प्लास कारखान्याच्या धाटणीच्या नव्या उघड्या पेट्या चढवल्या गेल्या. विशेषतः बेंटलीच्या बाबतीत हे फार मोठ्या प्रमाणात घडले. ल मांची कीर्ती उघड्या बेंटलीची, लिलावात भाव उघड्या बेंटलीचा. मग डॉक्टरने किंवा वकिलाने १९२७ मध्ये आवर्जून घेतलेली बंद पेटी कोणाला हवी? आजच्या मिरवणुकीत दिसणारे प्रमाण हे त्या काळचे प्रमाण नाही. ते आपल्या आवडीचे आहे. आणि ती आवड तरी कधी घडली? पक्के छप्पर सगळ्यांना मिळाल्यानंतर. प्लिमथने १९३९ मध्ये कळ दाबताच यंत्राने उघडणारा टप आणला तो अशा गिऱ्हाइकासाठी, ज्याला टप उतरवण्याचा त्रास नको होता पण उतरवलेला टप हवा होता. पूर्वी उघडी गाडी स्वस्त होती. आता ती बंद गाडीपेक्षा महाग झाली, आणि त्या उलट्या भावाबरोबर वाऱ्याचे सगळे काव्य आले. आज आपण ते मागे नेऊन १९१२ च्या माणसाच्या तोंडी घालतो.

म्हणून जुन्या गाडीचा टप काढून पुन्हा बसवण्याचे काम मला इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटते. ते आजही त्याच पद्धतीने होते. जुने कापड फाडून न टाकता सावकाश उसवायचे, कारण नव्याचा साचा तेच असते. कमानी उभ्या करून आधी सुती पट्टे नव्याने ताणायचे आणि कमानींमधली अंतरे मूळ मापाला आणायची. हे चुकले तर पुढे कितीही ओढले तरी कापड झोळच देते. पुढच्या पट्टीवर आणि प्रत्येक कमानीवर मध्यरेषा खुणेने पक्की करायची, कापड मागून पुढे आणायचे आणि चुका मधून कडेला ठोकत जायच्या, प्रथम अर्ध्याच. उबदार दिवस निवडायचा, कारण थंडीत कापड ताठ असते आणि नंतर सैल पडते. सगळी कड नीट बसली की चुका पक्क्या करायच्या आणि त्यांवर झाकपट्टी. या कामात लाकूड उघडे पडते, आणि त्या लाकडात जुन्या चुकांची भोके असतात. एका ओळीत एकदाच ठोकलेली भोके असतील तर टप बहुधा बसवला तसाच राहिला, क्वचित वापरला गेला. तीन-तीन, चार-चार ओळी एकमेकींत मिसळलेल्या असतील तर कापड पुन्हा पुन्हा बदलावे लागले, म्हणजे तो टप पावसात, धुळीत, उभा राहून झिजला. सेल्युलॉइडच्या पडद्यांची बटणे किती ठिकाणी हलवली आहेत, मागच्या कमानीला कापड कुठे घासले आहे, खोबणीतला गंज टप उभा असताना पाणी साचेल अशा जागी आहे की दुमडलेला असताना, हे सगळे वाचता येते. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी हे लाकूड घासून, भोके लांबी भरून बुजवून, वरून नवा रंग देऊन चकचकीत केले जाते, किंवा सरळ बदलले जाते, आणि टप पुढे कायम दुमडूनच ठेवायचा असतो म्हणून तो नीट उभा राहतो की नाही याचीही कोणी फारशी फिकीर करत नाही. छायाचित्र काढावे, भोकांच्या ओळी कागदावर उतरवून घ्याव्यात, जुने कापड आणि पडदे खोक्यात जपून गाडीबरोबर ठेवावेत, एवढे तरी प्रत्येक मालकाने आणि कारागिराने करावे असे मला मनापासून वाटते. कारण सामान्य माणसाने आपली उघडी गाडी वर्षातून किती दिवस बंद करून चालवली याची नोंद त्या काळच्या कोणत्याही जाहिरातीत किंवा छायाचित्रात सापडत नाही. ती त्या कमानींवर आहे.